भांडं उलटं करून बघू देणारं दुकान

पहिल्या भेटीत मी हात पुढे केला, तर दुकानदारांनी वाडगा माझ्या हातात दिलाच नाही. टेबलावर अंथरलेल्या हिरव्या फडक्यावर ठेवला, स्वतःचे हात मागे घेतले आणि म्हणाले, "आता उचल." जुनं भांडं एका हातातून दुसऱ्या हातात द्यायचं नसतं. एकानं ठेवायचं, मग दुसऱ्यानं उचलायचं. या धंद्यातला हा पहिला नियम मला त्या दिवशी कळला. नंतर त्यांनी मला अंगठी आणि बांगड्या काढून बाजूच्या वाटीत ठेवायला लावल्या. वाडग्यावरची निळी फुलं मी कौतुकानं बघत होते, तेवढ्यात म्हणाले, "फुलं नंतर. आधी उलटा कर."

याला आता सहा वर्षं झाली. हाँगकाँगमध्ये राहून मला नऊ वर्षं झालीत, म्हणजे पहिली तीन वर्षं मी या रस्त्यावरून नुसती ये-जा करत होते. इकडे फिरायला येणारे ओळखीचे लोक जुन्या चिनी भांड्यांबद्दल नेहमी विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे. दुकानाचं नाव मात्र देणार नाही. आत एका वेळी जेमतेम चार माणसं मावतात, आणि मालकांनीच नाव छापू नकोस म्हणून सांगितलंय. ते सत्तरी ओलांडलेले आहेत. मी त्यांना 'सिनसांग' म्हणते, इथे वडीलधाऱ्या पुरुषाला तसंच म्हणतात. ते मला नावानं हाक मारतात, पण माझ्या नावातला 'ळ' त्यांना अजून जमलेला नाही.

सापडायला कठीण नाही. शेउंग वान स्टेशनातून बाहेर पडायचं आणि लॅडर स्ट्रीटच्या दगडी पायऱ्या चढत हॉलीवूड रोडवर यायचं. रस्ता 1844 सालचा, सिनेमाच्या हॉलीवूडपेक्षा कितीतरी जुना. मान मो देऊळ लागेल, विद्येच्या आणि युद्धाच्या देवांचं. आत छताला उदबत्त्यांची मोठमोठी वेटोळी टांगलेली असतात. तिथून पश्चिमेकडे चालायला लागा. पहिली दुकानं थाटाची आहेत: काचेमागे एकेकटी ठेवलेली तांग राजवटीच्या काळातली (सातवं ते दहावं शतक) मातीची घोडी, पिवळे दिवे, दारावर घंटी. आमच्या दुकानाच्या काचेत यातलं काही नाही. मातकट पांढऱ्या वाडग्यांच्या चळती, एक झाकण नसलेली बरणी आणि पाण्याचा ग्लास, एवढंच दिसतं. पाणी का ठेवतात ते मी खूप उशिरा विचारलं. दिव्यांच्या उष्णतेनं काचेमागची हवा कोरडी होते आणि जवळच ठेवलेल्या लाकडी पेट्यांना चिरा जातात, म्हणून ठेवतात.

याच रस्त्याला लागून खालच्या अंगाला एक गल्ली आहे, तिला सगळे कॅट स्ट्रीट म्हणतात. तिचं पाटीवरचं नाव अप्पर लॅस्कर रो. लॅस्कर म्हणजे हिंदी खलाशी. आपल्या 'लष्कर' शब्दाचंच ते भावंड. गेल्याच्या आधीच्या शतकात बोटीवरचे हिंदी खलाशी इथे राहायचे, त्यावरून हे नाव पडलं. माझं माहेर राजापूरकडचं, आमच्या भागातल्या किती घरांतली माणसं बोटीवर जात आली. त्यामुळे ती पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी तिच्यापाशी बराच वेळ उभी राहिले होते. चोरीच्या मालाला उंदीर म्हणायचे आणि तो विकत घेणाऱ्यांना मांजर, म्हणून कॅट स्ट्रीट, अशीही कथा सांगतात. आपल्या मटण स्ट्रीटच्या चोर बाजाराची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

कॅट स्ट्रीटवर जरूर फिरा, पण भांडी घेऊ नका. माओच्या तसबिरी, जुनी पोस्टकार्डं, हिरव्या दगडाच्या बांगड्या, भोकाची नाणी, यात एक दुपार मजेत जाते. तिथे ज्या फुलदाण्या 'मिंग' राजवटीतल्या (चौदावं ते सतरावं शतक) म्हणून मांडलेल्या असतात त्या मात्र नव्या आहेत. कोंबड्याची चित्रं असलेले छोटे चहाचे पेले पन्नास-साठ डॉलरला (हाँगकाँगच्या) मिळतात. ते शोभेला म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही. त्यांचं मूळ चेंगह्वा बादशहाच्या काळातलं, पंधराव्या शतकातलं. तसा एक अस्सल पेला 2014 साली इथेच लिलावात 28 कोटी 12 लाख हाँगकाँग डॉलरला गेला. घेणाऱ्या ल्यू यिच्येन यांनी त्यातून चहा प्यायला, आणि त्यांच्यावर जगभरातून टीका झाली. सिनसांगना त्यात काही चूक दिसत नाही. पेला चहासाठीच केला होता, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या दुकानात बादशाही काही नाही, आणि मला दुकान आवडायचं पहिलं कारण हेच. ते विकतात ती चिंग काळातली, म्हणजे मिंगनंतरच्या, चीनच्या शेवटच्या राजवटीतली गावठी निळी-पांढरी भांडी. जमवणारे त्यांना 'किचन चिंग' म्हणतात, म्हणजे स्वयंपाकघरातली. फूच्येन प्रांतातल्या दहुआ भागात आणि क्वांगतुंग प्रांताच्या पूर्वेकडच्या भट्ट्यांत ती हजारोंनी भाजली जात. शेतकऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या घरात त्यात भात वाढला जाई. रंग जिंगदेझेनच्या, म्हणजे बादशाही भांडी जिथे बनत त्या गावच्या, भांड्यांसारखा दुधी पांढरा नसतो, राखाडीकडे झुकतो. कुंचल्याचे फटकारे घाईचे असतात, फूल आहे की ढग ते कधी कधी कळत नाही. एकच माणूस दिवसात शेकडो वाडगे रंगवत असणार, आणि ती सवय त्या रेषेत उतरलेली दिसते. मी त्या रेषेच्याच प्रेमात पडले.

मी पहिला वाडगा उलटा केला तेव्हा मला काय दिसतंय तेच कळत नव्हतं. सिनसांगनी विजेरी दिली, दहापट मोठं दाखवणारं भिंग दिलं, आणि स्वतः चहा करायला गेले. हे त्यांचं नेहमीचं आहे. ते आधी काही सांगत नाहीत, तुम्हाला बघू देतात आणि मग विचारतात, काय दिसलं?

वाडगा ज्या कड्यावर उभा राहतो, त्या बुडाच्या कड्यावर झिलई, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, नसते. भांड्याची खरी माती तिथेच उघडी असते. जुन्या भांड्यात कडं चाकूनं झटपट तासलेलं असतं, त्याचे वळसे बोटाला लागतात. भट्टीतली वाळू चिकटून बसलेली असते. माती आणि झिलई जिथे भेटतात तिथे बऱ्याचदा फिकट नारिंगी रेघ उमटलेली असते, कारण मातीतलं लोह भाजताना वर येतं. नकली माल करणाऱ्यांना हे सगळं ठाऊक असतं, म्हणून ते ती नारिंगी छटा वरून रंगवतात. खरी रेघ कुठे गडद, कुठे जवळजवळ गायब असते. रंगवलेली सगळीकडे सारखी. आतल्या बाजूला, तळाशी, बांगडीएवढी बिनझिलईची चकती दिसली तर तो दोष समजू नका. भट्टीत जागा वाचवायला वाडग्यात वाडगा रचत. झिलई असती तर वितळून दोन्ही चिकटले असते, म्हणून तेवढा भाग पुसून काढत. स्वस्त मालाची ती ओळख आहे.

मग ओरखडे. शंभर-दीडशे वर्षं वापरलेल्या भांड्यावर बारीक ओरखडे सगळ्या दिशांनी गेलेले असतात आणि जिथे चॉपस्टिक लागते तिथे जास्त असतात. घासकागदानं केलेले ओरखडे एकाच दिशेला जातात. नवी झिलई फार चमकते म्हणून आम्लानं ती मारतात. अशा झिलईवर भिंगाखाली बारीक खड्डे दिसतात आणि हाताला ती कोरडी लागते. जुनी झिलई मंद असते तरी बोट तिच्यावरून सरकतं. हे वाचून समजत नाही. मला तीस-चाळीस भांडी हाताळल्यावर समजायला लागलं, आणि ती तीस-चाळीस भांडी एक पैसाही न घेता या दुकानानं मला हाताळू दिली. दुकानाची याहून मोठी शिफारस मी करू शकत नाही.

याआधी मी फसले होते. कुठे ते सांगत नाही, पण 1800 डॉलर देऊन एक छोटी झाकणाची डबी घेतली होती, बुडाखाली सहा चिनी अक्षरांत 'महान चिंग राजवटीत कांगशी काळात बनवलेली' अशी खूण. कांगशी बादशहा 1661 ते 1722. विकणाऱ्यानं मला पुस्तकातलं पान उघडून खूण जुळवून दाखवली होती, आणि मी ती खूण बघूनच घेतली. डबी सिनसांगना दाखवली तेव्हा त्यांनी खूण वाचलीसुद्धा नाही. कडं बोटानं चाचपलं आणि डबी खाली ठेवली. मला फार वाईट वाटलं, रडूच आलं. त्यांनी गरम चहा पुढे केला आणि सांगितलं की इथे याला 'शिकवणीची फी भरणं' म्हणतात. त्यांनीही भरली होती, आणि माझ्यापेक्षा बरीच जास्त.

खुणेबद्दल त्या दिवशी त्यांनी जे समजावलं ते प्रत्येक नव्या माणसाला कळायला हवं. खूण ही तारीख नाही. 1677 साली जिंगदेझेनच्या अधिकाऱ्यानं कुंभारांना चालू बादशहाचं नाव भांड्यावर घालायला मनाई केली. भांडं फुटून बादशहाचं नाव पायदळी जाऊ नये, हा त्यामागचा विचार. म्हणून खऱ्याखुऱ्या कांगशी काळातल्या पुष्कळ भांड्यांवर दोनशे वर्षं आधीच्या चेंगह्वाची खूण आहे. उलट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कांगशीचं नाव घालायची पद्धत पडली. जुन्या गुरूंचं नाव आदरानं घ्यावं तशी. फसवायचा हेतू त्यात असतोच असं नाही. बुडाखाली रोमन अक्षरांत नुसतं 'चायना' असेल तर बहुधा 1891 नंतरचं, कारण अमेरिकेच्या जकात कायद्यानं तेव्हापासून मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं. माती, कडं, झिलई, रंग, घाट या सगळ्यांनी एकच काळ सांगितला, तर शेवटी खूण वाचायची.

दुकानात कागदपत्रांसह मिळणारी एक गोष्ट आहे, आणि पहिल्या खरेदीला मी तीच सुचवते: 'तेक सिंग' जहाजातली भांडी. हे प्रचंड चिनी गलबत चीनमधल्या श्यामेन बंदरातून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला निघालं होतं. 1822च्या फेब्रुवारीत इंडोनेशियातल्या गास्पर सामुद्रधुनीत खडकावर आदळून बुडालं, आणि दीड हजारांहून जास्त माणसं गेली. 1999 साली समुद्रतळातून साडेतीन लाख भांडी वर काढली, आणि पुढच्या वर्षी जर्मनीत श्टुटगार्टला त्यांचा लिलाव झाला. एवढ्या मोठ्या संख्येमुळे ती आजही आवाक्यात आहेत, आणि बुडाला लिलावाची चिकटपट्टी असते. माझी बशी 1100 डॉलरची, साधारण बारा हजार रुपये. समुद्रानं तिची झिलई एका बाजूला खाऊन टाकलीय, दुसरी बाजू अजून ओली असल्यासारखी चमकते. ज्या प्रवासात ती निघाली त्यातली माणसं पोचली नाहीत, हे मला ती पुसताना दर वेळी आठवतं. काही जमवणारे बुडालेल्या जहाजांमधला माल घेत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं: तळ उपसताना विकण्याजोगं तेवढं उचललं जातं आणि जहाज कसं होतं, माणसं कशी होती, याचा माग पुसला जातो. मी एक घेतली. दुसरी घेतलेली नाही.

या दुकानाचं दुसरं मोठं देणं म्हणजे त्यांनी मला ताई पोला धाडलं. एक जाडसर वाडगा दाखवून विचारलं, हा कुठला? मी दहुआ म्हटलं. ते म्हणाले, "ट्रेनचा पाऊण तास." हाँगकाँगच्याच न्यू टेरिटरीजमध्ये, ताई पोच्या वरच्या डोंगरात, वुन यिऊ नावाचं गाव आहे. नावाचा अर्थच 'वाडग्यांची भट्टी'. मिंग काळात तिथे निळी-पांढरी भांडी बनू लागली. 1674च्या सुमारास मा घराण्याच्या हक्का लोकांनी (हक्का हा दक्षिण चीनमधला एक समाज) ती भट्टी घेतली, आणि 1932 साली काम बंद पडलं. कुंभारांच्या देवाचं फान सिन देऊळ अजून आहे, बाजूला छोटं प्रदर्शन आहे. माती दळायचे दगड बघायला मिळतात. उतारावर खापऱ्या विखुरलेल्या असतात. त्या उचलायच्या नाहीत, ती संरक्षित जागा आहे. मी खाली बसून नुसत्या बघितल्या, आणि दुकानातल्या वाडग्यावरची ती अर्धवट गवताची रेषा मला तिथे ओळखू आली. परत येऊन तो वाडगा घेतला, 450 डॉलरला.

तक्रारी आहेतच. कशावरही किमतीची चिठ्ठी नाही. विचारल्याशिवाय कळत नाही, आणि लाजाळू माणसाला प्रत्येक गोष्टीची किंमत विचारणं जड जातं. घासाघीस दहा टक्क्यांच्या पलीकडे जात नाही. फक्त रोख चालते. पावती मागितली तरच मिळते, तेव्हा मागाच, आणि तीवर काळ आणि भट्टी लिहून घ्या. नुसतं 'जुना वाडगा' लिहून दिलं तर परत करायला आधार राहत नाही. माझ्या एका बशीची डागडुजी त्यांच्या नजरेतून सुटली होती. घरी निळी अतिनील विजेरी मारली तर कडेचा एक तुकडा वेगळाच चमकला. त्यांनी काही न बोलता पैसे परत केले, पण तेवढ्यासाठी मला पुन्हा जावं लागलं. गुंडाळून देतात ते वर्तमानपत्रात. फुगेवाला प्लास्टिकचा कागद आपला न्यावा. सकाळी अकराच्या आत जाऊ नका. चिनी नववर्षाला दुकान दोन-दोन आठवडे बंद असतं.

नेणार कुठे, हेही आधीच ठरवा. हाँगकाँगमधून बाहेर न्यायला अडचण येत नाही. चीनच्या मुख्य भूमीत घेतलंत तर गोष्ट वेगळी, तिथून 1911 पूर्वीच्या वस्तू बाहेर न्यायला मनाई आहे. भारतात नेणार असाल तर 1972चा पुरावस्तू कायदा लक्षात ठेवा. शंभर वर्षं पुरी झालेल्या वस्तू तिथून पुन्हा देशाबाहेर काढता येत नाहीत. विमानतळावर विचारलं तर दाखवायला पावती हवी. वाडगा हातातल्या सामानात ठेवा, मोठ्या बॅगेत कधीच नको.

आणि विकत घ्यायच्या आधी चार चांगली भांडी डोळे भरून बघा. हाँगकाँग पार्कमधल्या फ्लॅगस्टाफ हाऊसमध्ये चहाच्या भांड्यांचं संग्रहालय आहे, प्रवेश फुकट. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली चिनी भांडी आहेत. मी लहानपणी त्यांच्यासमोरून धावत गेले असणार. लंडनला गेलात तर ब्रिटिश म्युझियममधलं 95 नंबरचं दालन सोडू नका. तिथला सगळा संग्रह सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा, आणि त्यांचा जन्म 1892 सालचा, मुंबईचा. निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा काळ ठरवताना सगळे ज्यांचा आधार घेतात त्या 1351 साल लिहिलेल्या दोन फुलदाण्या तिथेच आहेत. मुंबईत जन्मलेल्या माणसानं हे जमवलं, हे मी सिनसांगना सांगितलं तेव्हा त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं. मला नव्हतं.

माझ्याजवळ आता अकरा भांडी आहेत, त्यांतली आठ या दुकानातली. सगळ्यांत आवडता वाडगा त्यांनी विकायला मांडलाच नव्हता, फडताळाच्या मागे ठेवला होता. तो दोन तुकडे झालेला आहे आणि धातूच्या टाक्यांनी जोडलेला. पूर्वी गावोगाव फिरणारे कारागीर हे काम करत, आपल्याकडे कल्हईवाला फिरायचा तसे. हिऱ्याच्या टोकाच्या सामत्यानं, म्हणजे भोक पाडायच्या हत्यारानं, चिरेच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या जाडीपर्यंतच भोकं पाडायची आणि पितळेचा किंवा लोखंडाचा टाका बसवायचा. आरपार भोक गेलं तर वाडगा गळेल. चिनीत म्हणच आहे, हिऱ्याचा सामता नसेल तर चिनीमातीचं काम अंगावर घेऊ नये. वाडगा स्वस्तातला होता, नवा घेणं सहज जमलं असतं. तरी कोणीतरी तो कारागिरापुढे नेऊन ठेवला.

"याची किंमत नाही होत," सिनसांग म्हणाले. मग 200 डॉलर सांगितले. आमच्या घरी लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीला चीर गेली तेव्हा आजीनं ती टाकली नव्हती. दादरा बांधून मिठाला वापरायला काढली होती. ते मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. दादरा शब्दापाशी अडले, मग हातानं तोंडावर फडकं बांधून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि 180 घेतले.

टाके सात आहेत. सहावा थोडा तिरका बसलाय.